मंजुरीपत्र चुकलंय? आधी चूक कुठून आली ते शोधा

प्रश्न थोडक्यात असा आहे. पिंपरी-चिंचवडमध्ये रिसेलचा फ्लॅट घ्यायचा आहे. बँकेच्या माणसाने तोंडी सांगितलं होतं: कर्ज ५० लाख, मुदत २० वर्षं, व्याज ७.७५ टक्के. हातात आलेल्या मंजुरीपत्रात व्याज ८ टक्के, मुदत २५ वर्षं, रक्कम ५१ लाख ४२ हजार, आणि सहकर्जदार म्हणून पत्नीचं नाव माहेरच्या आडनावाने, तेही चुकीच्या स्पेलिंगचं. आरएम (बँकेचा तोच माणूस, रिलेशनशिप मॅनेजर) म्हणतो, "सर, तुम्ही सही करून टाका, डिस्बर्समेंटच्या वेळी सगळं करून देतो." साठेखत (फ्लॅट खरेदीचा करार) बारा दिवसांवर आलंय. काय करावं?

सही करू नका. बारा दिवस कमी वाटतात, पण यातल्या बऱ्याचशा गोष्टी चार-पाच कामाच्या दिवसांत सुटतात, अट एकच, योग्य टेबलावर जायला हवं. आरएम तुम्हाला फसवतोय असं मला वाटत नाही. त्याचं काम फाइल आणणं. मंजुरीपत्र तो लिहीत नाही, ते प्रोसेसिंग सेंटरमधल्या सिस्टिममधून निघतं. डिस्बर्समेंट करणारा माणूस तिसराच असतो. त्याच्यासमोर तुमचं सही केलेलं पत्र आणि सिस्टिममधले आकडे येतात, दोन्ही जुळले की तो पैसे सोडतो. तोंडी काय ठरलं होतं हे त्याला माहीत नसतं आणि माहीत करून घ्यायचं कारणही नसतं. तुमच्या सहीने चुकीचं पत्र त्याच्यापुरतं बरोबर ठरतं. म्हणून "त्या वेळी करून देतो" याला काही अर्थ नाही.

दुसरं, पत्रावर पेनाने खाडाखोड करून घेऊ नका, मग शाखेतला माणूस शिक्का मारून द्यायला तयार असला तरी. सिस्टिममधला मूळ आकडा तसाच राहतो आणि लोन अॅग्रीमेंट, हप्त्याचं वेळापत्रक, सगळं त्यावरूनच छापलं जातं. मी वर्षानुवर्षं गृहकर्जाच्या फायली तपासतोय. पत्रातली चूक पत्रात जन्मलेली सहसा नसते. ती आधीच्या कुठल्या तरी कागदातून, नोंदीतून किंवा गृहीतकातून वाहत आलेली असते. ती जागा सापडली की दुरुस्ती सोपी आहे. नाही सापडली तर नवीन पत्रातही तीच चूक पुन्हा येते, आणि तोवर आठवडा गेलेला असतो.

तुमच्या चारपैकी सगळ्यात महत्त्वाची तफावत व्याजाची आहे, म्हणून आधी तीच घेऊ. मंजुरीपत्रासोबत 'की फॅक्ट स्टेटमेंट' नावाचा कागद मिळायलाच हवा. १ ऑक्टोबर २०२४ पासून मंजूर होणाऱ्या सगळ्या नव्या रिटेल (व्यक्तींना दिल्या जाणाऱ्या) कर्जांना रिझर्व्ह बँकेने तो सक्तीचा केला आहे. बँक असो, सहकारी बँक असो की हाउसिंग फायनान्स कंपनी, सगळ्यांनाच. तो कर्जदाराला समजेल अशा भाषेत द्यायचा असतो, तेव्हा मराठीत मागायला लाजू नका. बदलत्या दराच्या कर्जात त्या कागदावर व्याज एका आकड्यात येत नाही. बेंचमार्क (ज्या दराला कर्ज जोडलंय तो) कोणता, त्याचा आजचा दर किती, त्यावर स्प्रेड (बँकेने वर लावलेला जादा टक्का) किती आणि मिळून अंतिम दर किती, हे वेगवेगळं लिहिलेलं असतं. तुमचा ८ टक्क्यांचा उगम तिथेच दिसेल.

८ टक्के दोन प्रकारे होऊ शकतात. ५ डिसेंबर २०२५ ला रेपो (रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना उसने पैसे देते तो दर) ५.५० वरून ५.२५ टक्के झाला. तुमचा अर्ज त्याआधी लॉगिन झाला असेल आणि सिस्टिमने जुनाच रेपो धरला असेल, तर ५.५० अधिक २.५० म्हणजे ८. ही शिळ्या आकड्याची गोष्ट झाली. रेपोला जोडलेल्या कर्जाचा दर बँकेला किमान तीन महिन्यांतून एकदा रीसेट करावाच लागतो, त्यामुळे ही चूक राहिली तरी फार काळ टिकणार नाही. पण बेंचमार्क ५.२५ आणि स्प्रेड २.७५ लिहिला असेल तर मामला वेगळा आहे. स्प्रेड रेपोबरोबर खाली येत नाही. पाव टक्का तुमच्या मानगुटीवर वर्षानुवर्षं बसेल. ५० लाखांना २० वर्षांसाठी ७.७५ टक्क्यांनी हप्ता ४१,०४७ रुपये, ८ टक्क्यांनी ४१,८२२. महिन्याला ७७५ रुपये म्हणजे काही नाही असं वाटतं, पण दर तसाच राहिला तर पूर्ण मुदतीत ते सुमारे १ लाख ८६ हजार होतात. म्हणून "व्याज जास्त लावलंय" असं मोघम भांडू नका. "स्प्रेड २.५० ऐवजी २.७५ का?" असं विचारा. पहिल्या प्रश्नाला उत्तर मिळतं "सर, मार्केट रेट आहे". दुसऱ्या प्रश्नाला फाइल उघडावी लागते.

(कर्ज हाउसिंग फायनान्स कंपनीचं असेल तर हा हिशेब लागू नाही. रेपोसारख्या बाहेरच्या बेंचमार्कचं बंधन १ ऑक्टोबर २०१९ पासून बँकांना आहे. या कंपन्या साधारणपणे स्वतःच्या प्राइम लेंडिंग रेटवर कर्ज देतात. तिथे तो दर आणि त्यातून वजा होणारा किंवा त्यात मिळवला जाणारा आकडा बघायचा.)

आता स्प्रेड का वाढला असेल? बहुतेक वेळा क्रेडिट स्कोअरच्या (कर्जफेडीच्या इतिहासावरून मिळणाऱ्या गुणांच्या) पायरीमुळे. आणि इथे तुमची चौथी तफावत, पत्नीच्या नावाची, कामाला येते. बऱ्याच जणांना ती टायपिंगची किरकोळ चूक वाटते. मला ती सगळ्यात संशयास्पद वाटते. आपल्याकडे लग्नानंतर आधारवर सासरचं नाव, पॅनवर माहेरचं, पगाराच्या खात्यावर तिसरंच, हे घरोघरी आहे. त्यात बँकेचा फॉर्म आडनाव आधी मागतो, मधल्या नावात वडील की नवरा हा घोळ वेगळाच. अशा नावाने क्रेडिट ब्युरोत (हा इतिहास ठेवणाऱ्या संस्थेत) शोध घेतला की तिचा खरा इतिहास सापडत नाही. अहवालात स्कोअरऐवजी 'उणे एक' किंवा 'इतिहास नाही' असं येतं, किंवा दुसऱ्याच कुणाची थकबाकी तिच्या नावाला चिकटते. दोघांपैकी खालचा स्कोअर धरण्याची पद्धत असेल, तर नावातल्या एका चुकीने तुमचा स्प्रेड पाव टक्क्याने वर गेला असेल. म्हणजे चुका चार दिसत असल्या तरी मुळात त्याहून कमीच असू शकतात.

हे तपासायला पैसे लागत नाहीत. ट्रान्सयुनियन सिबिल, इक्विफॅक्स, एक्सपेरियन आणि क्रिफ हाय मार्क या चारही ब्युरोंकडून प्रत्येक कॅलेंडर वर्षात एक पूर्ण अहवाल मोफत मिळतो. आज रात्री दोघांचे अहवाल काढा. बँकेने कोणत्या ब्युरोचा अहवाल, कोणत्या तारखेला, कोणत्या नावाने आणि कोणत्या पॅनवर काढला ते विचारा. पत्नीचा स्वतःचा अहवाल चांगला आणि बँकेचा वाईट निघाला, तर चूक बँकेच्या नोंदीत आहे. पॅन, आधार आणि विवाह नोंदणी प्रमाणपत्र जोडून "नोंद दुरुस्त करून पुन्हा अहवाल काढा" असं सांगा. ब्युरोच्याच अहवालात चूक असेल तर तक्रार करायची. त्यांना ती ३० दिवसांत निकाली काढावी लागते, उशीर झाला तर रोज १०० रुपये भरपाई तुम्हाला मिळते. पण ३० दिवस तुमच्याकडे नाहीत. अशा वेळी ज्या कर्जाची चुकीची नोंद आहे त्या संस्थेचं 'काही देणं नाही' असं पत्र थेट मंजुरी देणाऱ्या अधिकाऱ्यापुढे ठेवावं. पुष्कळदा ब्युरो दुरुस्त व्हायची वाट न बघता ते त्यावर निर्णय घेतात.

नाव दुरुस्त करून घेताना एक गोष्ट आधी ठरवा: मालकी हक्कात नाव कोणत्या स्पेलिंगने जाणार? साठेखत, मंजुरीपत्र, पॅन आणि पुढे इंडेक्स टू (दस्त नोंदणीचा सरकारी उतारा), सगळीकडे तेच हवं. आणि नावांचा क्रमही बघा. काही बँका महिला कर्जदाराला व्याजात छोटी सवलत देतात, पण ती पहिली किंवा एकटी मालक असावी अशी त्यांची अट असते. तुमच्या तोंडी ठरलेल्या ७.७५ मध्ये ती सवलत धरली होती का, हे विचारून घ्या. पत्नी सहकर्जदार म्हणून दुसऱ्या क्रमांकावर असेल तर ती सवलत नियमाने गेली असेल, चुकीने नव्हे.

मुदतीचं काय? २० ची २५ वर्षं झाली, तर कुणीतरी हप्ता तुमच्या पगारात बसवायचा प्रयत्न केलाय असं समजा. बँक तुमच्या पगाराचा ठरावीक हिस्साच हप्त्यांसाठी धरते. एखादं फिटलेलं वाहन कर्ज ब्युरोत अजून चालू दिसत असेल, तर त्याचा हप्ता त्या हिश्श्यातून वजा होतो आणि उरलेल्यात २० वर्षांचा हप्ता बसत नाही. मग मुदत ताणतात. तेव्हा विचारायचं ते असं: "पात्रतेच्या हिशेबात माझ्या नावावर कोणते चालू हप्ते धरलेत?" फिटलेलं कर्ज त्यात असेल तर त्याचं बंद झाल्याचं पत्र द्या.

ही तफावत मला व्याजाइतकी भयंकर वाटत नाही. २५ वर्षांना ७.७५ टक्क्यांनी हप्ता ३७,७६६ रुपये होतो. पूर्ण मुदत भरत बसलात तर व्याज सुमारे १४ लाख ७८ हजारांनी जास्त जाईल, हे खरं. पण बदलत्या दराच्या गृहकर्जावर वैयक्तिक कर्जदाराकडून मुदतपूर्व परतफेडीचा दंड घेता येत नाही. हप्ता लहान ठेवून दरवर्षी बोनसमधून मुद्दल फेडायची शिस्त असेल तर २५ वर्षांची मुदत म्हणजे अडीअडचणीला हाताशी मोकळीक. शिस्त नसेल तर २० वर आग्रह धरा. कुणाला कुठली सवय आहे हे घरातल्यांना बरोबर माहीत असतं.

उरले १ लाख ४२ हजार. ती रक्कम बहुधा कर्जाला जोडलेल्या विम्याचा एकरकमी हप्ता आहे आणि तो कर्जातच मिळवला आहे. याला चूक म्हणायला माझी जीभ रेटत नाही, कारण असले बदल आपोआप होत नाहीत. अर्जासोबत सह्यांचा जो गठ्ठा दिला होता त्यात विम्याचा फॉर्म होता का, ते बघा. गृहकर्जासाठी आयुर्विमा घेतलाच पाहिजे असा कायदा नाही. १ लाख ४२ हजार ७.७५ टक्क्यांनी २० वर्षं फेडायचे म्हणजे महिन्याला १,१६६ रुपये, एकूण जवळपास २ लाख ८० हजार. विमा वाईट असं मी म्हणत नाही. कमावत्या माणसावर ५० लाखांचं कर्ज असेल तर संरक्षण हवंच. पण तेवढ्याच रकमेच्या साध्या टर्म प्लॅनची किंमत आधी काढा, मग ठरवा. नको असेल तर लेखी कळवा: "विमा मला नको, रक्कम ५० लाख करून नवीन पत्र द्या." त्यावर "मग व्याज वाढेल" असं उत्तर आलं, तर तेही लेखी मागा. काही ठिकाणी दराची सवलत विम्याशी बांधलेली असते, आणि तशी असेल तर निदान हिशेब मांडता येतो. अनेकदा मात्र लेखी मागितलं की ती अटच नाहीशी होते. पॉलिसी आधीच निघाली असेल तर कागद हातात आल्यापासून ३० दिवसांत ती परत करता येते. तरी कर्जातला आकडा कमी करून घ्यायचं काम वेगळं राहतं, ते विसरू नका.

तुम्ही विचारलं नाही, पण मिळकतीचं वर्णन पाहिलंत का? विंग, मजला, फ्लॅट क्रमांक, सर्व्हे किंवा सीटीएस नंबर, कार्पेट क्षेत्रफळ, पार्किंग. विक्रेत्याच्या इंडेक्स टूशेजारी मंजुरीपत्र ठेवा आणि एकेक आकडा बोटाने जुळवा. 'बी' विंगचं 'डी' होणं हे नेहमीचं आहे. आज ती ईमेलने सुटणारी गोष्ट आहे. पण तीच चूक साठेखतात गेली तर विक्रेत्याला घेऊन पुन्हा दुय्यम निबंधक कार्यालयात चूक दुरुस्ती लेख नोंदवावा लागतो. आणि पैसे मिळालेला विक्रेता दुसऱ्यांदा रजा काढून येत नाही, हा सगळ्यांचाच अनुभव. पुढे नोटीस ऑफ इंटिमेशनमध्ये (नोंदणी कार्यालयाला दिलेल्या गहाणाच्या सूचनेत) आणि सेरसाईच्या (गहाण मिळकतींच्या केंद्रीय नोंदवहीच्या) नोंदीतही हेच वर्णन जातं. क्षेत्रफळात बिल्टअप आणि कार्पेटची अदलाबदल झाली असेल, तर व्हॅल्युएशन गडबडतं आणि मंजूर रक्कमही.

काही गोष्टी चुकीसारख्या दिसतात पण नसतात, त्यांवर शक्ती घालवू नका. घराची किंमत ९५ लाख, ८० टक्क्यांनी ७६ लाख बसतात, मग ७५ लाखच का, असं लोक विचारतात. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने ३० लाखांपर्यंतच्या कर्जाला किंमतीच्या ९० टक्के, ३० ते ७५ लाखांना ८० आणि ७५ लाखांच्या वर ७५ टक्के ही कमाल मर्यादा आहे. कर्जाने ७५ लाख ओलांडले की ७५ टक्क्यांच्या गटात जाता आणि ७१ लाख २५ हजारच मिळतात. म्हणून ७५ लाखांवर थांबणं तुमच्याच फायद्याचं. मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी घराच्या किंमतीत धरलेली नाही, हाही नियमच आहे, अपवाद फक्त १० लाखांपर्यंतच्या घरांचा. प्रोसेसिंग फीवर १८ टक्के जीएसटी लागतो, त्याबद्दल आरएमशी भांडून उपयोग नाही. मात्र सेरसाईच्या नावाखाली हजार-दोन हजार लावले असतील तर जरूर विचारा. ५ लाखांवरच्या कर्जाला ती फी १०० रुपये आणि कर एवढीच आहे. की फॅक्ट स्टेटमेंटमध्ये नसलेलं कुठलंही शुल्क तुमच्या स्पष्ट संमतीशिवाय नंतर लावता येत नाही.

आता प्रत्यक्ष करायचं काय. एकच ईमेल लिहा, आरएम आणि शाखाधिकारी दोघांना. व्हॉट्सअॅपवर नको, फोनवर तर नाहीच. फोन झाला तर त्यातलं बोलणं दोन ओळींत ईमेल करा. मजकूर साधा ठेवा: "मंजुरीपत्र क्रमांक अमुक, तारीख अमुक. मी ते स्वीकारलेलं नाही. पुढील चार बाबी अर्जाशी किंवा आपण कळवलेल्या अटींशी जुळत नाहीत. प्रत्येकीसमोर पत्रातला आकडा, अपेक्षित आकडा आणि त्याचा आधार दिला आहे. कृपया नोंदी दुरुस्त करून सुधारित मंजुरीपत्र व सुधारित की फॅक्ट स्टेटमेंट द्यावं आणि आधीचं पत्र रद्द झाल्याचं त्यात नमूद करावं. माझं साठेखत अमुक तारखेला आहे." आधार म्हणून अर्जाची प्रत, आरएमने दर कळवलेला मेसेज, जे असेल ते जोडा. तोंडी ७.७५ ला काहीच लेखी पुरावा नसेल तर तसं खोटं लिहू नका. त्या वेळी बँकेच्या वेबसाइटवर तुमच्या स्कोअरला लागू असलेला दर दाखवा.

जुनं पत्र रद्द झाल्याचं लिहून घेणं लोकांना फाजील वाटतं. पण एकाच अर्ज क्रमांकावर दोन मंजुऱ्या सिस्टिममध्ये जिवंत राहिल्या, की डिस्बर्समेंटला नेमकी जुनी उचलली गेलेली मी पाहिली आहे.

तीन दिवसांत हालचाल झाली नाही तर नोडल तक्रार अधिकाऱ्याकडे जा. त्याचा फोन आणि ईमेल की फॅक्ट स्टेटमेंटच्या दुसऱ्या भागात छापलेला असतो. त्याच्याही पुढे, ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे सीएमएस पोर्टलवर तक्रार करता येते, तीही विनाशुल्क. हाउसिंग फायनान्स कंपनीची तक्रार नॅशनल हाउसिंग बँकेच्या ग्रिड्स पोर्टलवर जाते. पण खरं सांगायचं तर बारा दिवसांच्या आत यातला कुठलाही दरवाजा तुमचं काम करणार नाही. आज तुमची ताकद एवढीच की सही झालेली नाही आणि महिनाअखेरीचं टार्गेट आरएमला गाठायचंय. ती ताकद सही करून घालवू नका.

समांतर दोन कामं करा. विक्रेत्याला आजच सांगा आणि साठेखतात उरलेली रक्कम देण्याच्या मुदतीत बँकेच्या उशिरासाठी पंधरा-वीस दिवसांची सवड लिहून घ्या. सुधारित पत्र येईपर्यंत साठेखत पुढे ढकलता आलं तर उत्तमच, कारण ते नोंदवलं की मुद्रांक शुल्काचे लाखो रुपये गुंतले आणि मग तुम्ही जे मिळेल ते पत्र घ्याल. दुसरं, याच कागदांवर आणखी एका बँकेत चौकशी करून ठेवा. एकाच. पाच ठिकाणी अर्ज टाकलेत तर ब्युरोत पाच चौकश्या दिसतील.

सुधारित पत्र आलं की पुन्हा सगळं वाचा, फक्त दुरुस्त केलेल्या चार ओळी नव्हेत. दर सुधारताना मुदत बदललेली असू शकते. नव्या की फॅक्ट स्टेटमेंटला किमान तीन कामाच्या दिवसांची वैधता असते. तेवढ्या काळात तुम्ही मान्यता दिलीत तर संस्था त्या अटींना बांधील राहते, त्यामुळे घाई करायचं कारण नाही. कर्ज फिटल्यावर मूळ कागदपत्रं किती दिवसांत आणि कुठून परत मिळतील हेही मंजुरीपत्रात असायला हवं. १ डिसेंबर २०२३ पासून तसा नियम आहे. ती ओळ नसेल तर याच फेरीत घालून घ्या.

ज्यांनी आधीच सही केली आहे त्यांच्यासाठी: पैसे सुटलेले नसतील तर वरचंच सगळं लागू, फक्त ईमेलमध्ये "डिस्बर्समेंट थांबवा" हे पहिलं वाक्य हवं. पैसे सुटले असतील तर लोन अॅग्रीमेंटला पुरवणी करार करून बँक दुरुस्ती करू शकते, आणि आकडेमोडीची उघड चूक असेल तर सहसा करते. दोन्ही बाजूंच्या समान चुकीमुळे दस्त खऱ्या इराद्याशी जुळत नसेल, तर विशिष्ट अनुतोष अधिनियम, १९६३ च्या कलम २६ खाली न्यायालयाकडून तो दुरुस्त करून घेता येतो. पण पाव टक्क्यासाठी त्या वाटेला जा असं मी कुणालाच सांगणार नाही. तिथे कर्ज दुसऱ्या बँकेत हलवण्याची नुसती तयारी दाखवली तरी पुष्कळदा स्प्रेड कमी होतो.

पहिला हप्ता जायच्या आधी खात्याचं स्टेटमेंट काढा. व्याज पैसे सुटल्याच्या तारखेपासून लागलंय ना, मंजुरीच्या किंवा कराराच्या तारखेपासून नाही ना, एवढं बघा. चेक दिला असेल तर बँकेने तो प्रत्यक्ष हातात दिला तो दिवस धरायचा. २९ एप्रिल २०२४ च्या परिपत्रकात रिझर्व्ह बँकेने हे स्पष्ट केलंय. चेक छापून आठवडाभर बँकेच्या ड्रॉवरमध्ये पडला असेल, तर त्या आठवड्याचं व्याज परत मागा.